बाबागाडी आणि सहावा रकाना

आज रविवार, तुमचे दिवस झाल्यानंतरचा पहिला. वेळ सकाळी सव्वासहा. जागा कंपनीच्या वसाहतीतलं गोल्फचं मैदान, पहिला टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा.

हजर: मी. प्रकाश, म्हणजे तुमचा भाऊ आणि माझा नवरा, पायात घरातल्याच चपला. नामदेव माळी, खांद्यावर पाण्याचा पाइप. आणि तुमची बॅग, माझ्या ढकलगाडीवर.

ताई, शेवटचं वाक्य वाचून तुम्ही काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे, म्हणून आधी खुलासा करते. बॅग गाडीवर ठेवली ती तुम्हाला चिडवायला नाही. पैज तुम्ही हरला होतात आणि हरल्याची फेरी तुमच्याकडून राहून गेली होती. राहिलेलं काम डोळ्यांसमोर ठेवून मला बसता येत नाही. तुमच्या कार्याची यादी अकरा पानांची होती. ती शुक्रवारी संपली. भाड्याची भांडी परत गेली, दाखले झाले, तुमच्या दोन खोल्यांची चावी मी प्रकाशच्या कपाटात टांगली. मग वहीत एकच ओळ उरली. ‘ताई: गाडीची फेरी.’ ती खोडायला आम्ही आलो होतो.

आठ वर्षांपूर्वी माझी पाठ गेली, तेव्हापासूनचं सगळं मला सलग आठवतं. डॉक्टरांनी सांगितलं, वजन उचलायचं नाही आणि रोज चालायचं. त्याच सुमारास तुम्ही कंपनीच्या हॉस्पिटलातून निवृत्त झालात. ऑपरेशन थिएटरमध्ये तीस वर्षं उभं राहिलेलं माणूस घरी बसून काय करणार, असं प्रकाशला वाटायचं. तो म्हणाला, “ताय एकटी पडलीय गं. रविवारी तिच्यासोबत मैदानावर जात जा. तिला सोबत होईल, तुझं चालणं होईल.” मी यादीत लिहिलं, ‘रविवार: ताईंना सोबत.’ पुढे आठ वर्षं मी दर आठवड्याला नवी यादी केली. ती ओळ मात्र तशीच उतरवत राहिले.

चौलला माझ्या आईला हे काही केल्या कळलं नाही. “नणंद-भावजय काठ्या घेऊन निघता सकाळी सकाळी. भांडण झालं काय?” तिनं फोनवर विचारलं होतं. मी तुम्हाला सांगितलं. त्यानंतर तुम्ही गेटवरच्या वॉचमनला दर रविवारी सांगायचात, “भांडायला चाललोय. तासाभरात नाही आलो तर हॉस्पिटलात कळव.”

आपलं मैदान नऊ होलांचं. एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी शिरणारं खाजण आणि तिवरं. बॅग उचलायला माणसं ठेवण्याइतकी ऐपत मैदानाची नाही आणि खेळणाऱ्यांचीही नाही. ज्याची बॅग त्यानं न्यायची. त्यासाठी दोनच मार्ग, एक तर खांदा, नाहीतर तीन चाकांची ढकलगाडी. माझ्यासाठी प्रश्नच नव्हता. मी पहिल्याच दिवशी गाडी घेऊन आले. घडी उघडली, चाकं बसवली, ब्रेक तपासला. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघत होतात.

“मेधा, बाळ कुठाय?”

“कुठलं बाळ?”

“बाबागाडी आणलीस म्हणून विचारलं.”

तेव्हापासून तिचं नाव बाबागाडी. नामदेवही तेच म्हणायला लागला. महिन्याभरात मी स्वतः प्रकाशला म्हणाले, “बाबागाडीचं चाक कुरकुरतंय, तेल आण.” तिथे मी अर्धी हरले होते.

उरलेलं अर्धं सोडायचं नाही म्हणून मी तुम्हाला एक कागद करून दिला होता. दोन रकाने, डावीकडे खांदा, उजवीकडे गाडी. पाठीवरचा ताण, पाणी ठेवायची सोय, छत्री, थकवा, शेवटच्या तीन होलांवरचे फटके. उजवा रकाना प्रत्येक ओळीत सरस होता. तुम्ही चष्मा लावून तो पूर्ण वाचलात, घडी घातलीत आणि म्हणालात, “अक्षर छान आहे.” नंतर तो मला तुमच्या घरी सुकटीच्या डब्याखाली सापडला.

तुमची बाजू तुम्ही कधीच कागदावर मांडली नाहीत. पण ती मला पाठ आहे. नियमानं चौदा काठ्या नेता येतात. माझ्याकडे चौदा होत्या. तुमच्याकडे सात.

“चौदातल्या वापरतेस किती?”

मी पुढच्या रविवारी मोजल्या. सहा.

“मग उरलेल्या आठ फिरायला आणतेस? गाडी असली की माणूस सामान वाढवतं. खांदा असला की कमी करतं.” आणि मग ठरलेलं वाक्य, प्रकाश समोर असला की घरच्या बोलीत, “आयनं मिठाच्या पाट्या डोक्यावरना वायल्या. मना सात काठ्या जड व्हतान व्हय?”

याच्यावर माझ्याकडे उत्तर होतं आणि मी ते देतही असे. तुमच्या आईला गाडी मिळाली असती तर त्यांनी पाट्या गाडीवरच नेल्या असत्या. हौसेनं कुणी डोक्यावर घेत नाही. तुम्ही म्हणायचात, “बांध किती अरुंद असतो माहितीये? मिठागरात गाडी चालत नाही.”

बांध. सगळं येऊन तिथेच थांबायचं.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी सांगते. आपला सहावा टी खाजणाच्या अलीकडे आहे आणि होल पलीकडे. आधी अलीकडून बॉल पलीकडे मारायचा आणि मग चालत तिकडे जायचं. सरळ जायला जुना खारबांध आहे, एका माणसापुरता. पावलापुढे पाऊल टाकत गेलं तर दीड मिनिट. त्याच्यावर गाडी जात नाही. गाडीला पंपहाउसमागून, बांबूंच्या पलीकडून डांबरी रस्त्यानं वळसा. सात मिनिटं, मी घड्याळ लावून मोजलेली. त्यामुळे दर रविवारी सहाव्याला आपण वेगळ्या व्हायचो. तुम्ही बॅग खांद्यावर टाकून बांधावरून, मी गाडी ढकलत रस्त्यानं. मी पोचायची तेव्हा तुम्ही उंडीच्या झाडाखाली बॅग टेकवून उभ्या असायचात.

“आलीस? मी तोवर पेन्शन घेऊन आले.”

आणि दर वेळी, “एकदा बांधावरून ये. भरतीचं पाणी दोन्ही अंगांनी बघितलं नाहीस तर काय बघितलंस.”

मी म्हणायची, पुढच्या रविवारी. गाडी इथे कुणाच्या भरवशावर सोडू, हे माझं कारण. एकदा सोडली होती चौथ्याच्या उतारावर, ब्रेक न लावता. ती आपल्या डोळ्यांदेखत खाली गेली आणि खाजणात बसली. तुम्ही इतक्या हसलात की तुम्हाला खाली टेकावं लागलं. “मेधा, बाळाला अंघोळीला नेलंय तिनं!” मग खांद्यावरची बॅग न उतरवता गुडघाभर चिखलात शिरून तुम्हीच ती ओढून काढलीत. मी काठावर उभी राहून छत्री, बाटली, वही, पेन्सिल असं काय काय वाहून गेलं ते मोजत होते.

मोजणं माझं काम होतं हे खरं, पण तपासणं तुमचं. इतकी कडक तपासणी माझ्या ऑफिसातही कुणी केली नाही. “चार,” मी म्हणायची. “पाच,” तुम्ही म्हणायचात, “गवतात काठी हलली, बॉल लागला नाही, तरी तो फटका.” थिएटरमध्ये पोट शिवायच्या आधी गॉझचे तुकडे मोजायचे, एक कमी भरला तर मोठ्या सर्जनचेही हात थांबवायचे, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंत. “मोजणी आधी, टाके मग.” तुमच्या एकाही होलचा एकही फटका तुम्ही कधी सोडला नाहीत. म्हणून माझ्या वह्यांवर माझा विश्वास होता. आठ वर्षं, आठ वह्या, प्रत्येक पानावर नऊ रकाने.

गेल्या वर्षी भातकापणीच्या सुमाराला पैजेची कल्पना माझी. गाडी की खांदा हे बोलून ठरत नाही, तर आकड्यांनी ठरवू. वर्षभराची बेरीज, जिचे फटके कमी तिची पद्धत बरोबर. हरेल तिनं दुसरीच्या पद्धतीनं एक पूर्ण फेरी मारायची. तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत, याचं मला आश्चर्य वाटलं होतं.

“कशाला पैज? खेळतोय ते बरं चाललंय.”

“घाबरलात?”

“मी?” तुम्ही म्हणालात. “लाव.”

यंदा कापणी आली तेव्हा मी तुमच्या ओट्यावर बसून बेरीज केली. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटत होतात. दोनदा केली, एकदा वरून खाली, एकदा खालून वर. मी नऊ फटक्यांनी जिंकले होते. तुम्ही हात पुसून वही मागून घेतलीत. सहाव्या होलच्या रकान्यावरून बोट खालपर्यंत फिरवलंत.

“सहाव्याचं बरं जमतं तुला.”

“सराव,” मी म्हणाले. मला त्या रकान्याचा अभिमान होता. ज्या होलनं मला पहिल्या वर्षी मैदान सोडायला लावलं असतं, त्याच होलवर माझे आकडे सगळ्यांत चांगले होते.

“हो,” तुम्ही म्हणालात. “सरावच.” आणि मग, “ढकलते तुझी बाबागाडी. पण त्या दिवशी नामदेवला रजा दे.”

मला वाटलं, तो हसेल म्हणून.

पुढच्या रविवारी तुमचा गुडघा दुखत होता. त्यापुढच्या रविवारी पेणची माणसं आली. तिसऱ्या रविवारी तुम्ही आलात, बॅग खांद्यावर, आणि प्रत्येक होलवर ती खाली ठेवलीत. मी म्हणाले, “ताई, द्या इकडे. पैज म्हणून नाही. आजच्यापुरती गाडीवर टाका.” तुम्ही म्हणालात, “तू गप. मोज.” मी मोजलं. आता वाटतं, त्या दिवशी फटके सोडून तुमचे श्वास मोजायला हवे होते. पण तुम्ही सिस्टर. तुमच्यापुढे आजारावर बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती, आणि तुम्ही ती कुणाला येऊही दिली नाहीत. तुमच्यावरची ही एक तक्रार मी लिहून ठेवते. त्यानंतरच्या बुधवारी काय झालं ते इथे लिहीत नाही. त्याचे कागद वेगळ्या फाइलीत आहेत.

आता आजचं.

मी माझ्या काठ्या घरी ठेवल्या. गाडीवर फक्त तुमची बॅग, खेळायला तुमच्याच सात. पहिल्या चार होलांवर काही लिहिण्यासारखं घडलं नाही. तुमच्या काठ्या मला लांब पडतात. प्रकाश सोबत चालत होता, चपलांत दव घेऊन. आठ वर्षांत तो एकदाही आला नव्हता. “ताय कुठं उभी र्‍हायची?” असं तो प्रत्येक ठिकाणी विचारायचा, मी दाखवायची, आणि तो तिथे जाऊन थोडा वेळ उभा राहायचा. पाचव्याला म्हणाला, “एवढ्यासाठी उठायच्या काय तुम्ही पाच वाजता?” मी म्हटलं, हो, एवढ्यासाठीच.

सहाव्याला मी बॉल मारला. पलीकडे गेला, बांधाच्या पलीकडच्या उताराला लागला, मग दिसेनासा झाला. नेहमीसारखाच. प्रकाश बांधावरून निघाला. मी सवयीनं गाडी वळवली आणि पंपहाउसच्या रस्त्याला लागले. सात मिनिटं.

पोचले तेव्हा प्रकाश बांधाच्या पायथ्याशी वाकून बघत होता.

“तुझा बॉल चरात पडलाय.”

तिथे पाणी निघायला चर आहे, लव्हाळ्यांनी भरलेला. बॉल अर्धा पाण्यात होता. “माझा नसणार,” मी म्हणाले. “माझा इथे पडत नाही. माझा वर असतो, त्या सपाट गवतावर. नेहमी.” तसं म्हणताना मी बोटानं जागाही दाखवली.

नामदेव पाइप जोडत होता. तो हसला नाही, पण त्यानं मान खाली घातली.

“काय नामदेव?”

“काय न्हाय वयनी.”

“बोला.”

“आता शिस्टर न्हाय, तं बोलतो. त्यो हितंच येतो वयनी. नेहमीच. बांधाच्या अंगाला लागला का माघारी गडगडतो आन चरात बसतो. शिस्टर बांधावरना यायच्या, बघायच्या तुमी कुठवर आलाव, आन पायानं वर ढकलायच्या.” त्यानं आपल्या गमबुटानं ढकलून दाखवलं, दोनदा, हलकेच. “मना दम दिलेला. बोललास तं पुढचं इंजेक्शन बोथट सुईनं देईन.”

प्रकाश माझ्याकडे बघत होता. मी वही काढली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

“किती वेळा?”

“आता कसं सांगू?”

“दर रविवारी?”

“दर रविवारी न्हाय. तुमचा फटका बरा लागला तं न्हाय.”

“या वर्षी किती वेळा? अंदाजे सांगा. नऊच्या वर की खाली?”

“वयनी,” नामदेव म्हणाला, “मी पानी सोडतो. मोजत न्हाय.”

मग त्याला माझी दया आली असावी. पाइप खाली ठेवून तो म्हणाला, “पयल्या वर्षी तुमी हितंच बसलेलाव, आठवतं? तीन बॉल गेलेलं. बोललाव, बास, फुडच्या रविवारपास्ना येनार न्हाय. आन गेलाव गाडी घेऊन. शिस्टर हितं उभ्या होत्या. मना बोलल्या, नामदेव, ही न्हाय आली तं मी रविवारी बोलू कोनासंगती?”

मला तो दिवस आठवतो. तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी येऊन मला म्हणाला होतात, “अजून एक रविवार ये. मग सोड.” पुढच्या रविवारी माझा बॉल वरच्या गवतावर होता.

ताई, आधी मला राग आला. हे लिहायला हवं. तुम्ही माझ्या वहीत चुकीची नोंद करून घेतलीत, ती माझ्याच हातानं. गवतात काठी हलली तरी फटका धरणाऱ्या बाईनं. आठ वर्षं मी ‘ताईंना सोबत’ असं लिहीत होते आणि मनात कुठेतरी समजत होते की मी काहीतरी करतेय तुमच्यासाठी. उन्हाळ्यात, कंटाळा आलेला असताना, प्रकाशच्या मावशीकडे जेवायला जायचं सोडून मी यायची आणि परतताना मला बरं वाटायचं, कर्तव्य केल्यासारखं. आणि तुम्ही तिकडे, उंडीच्या झाडाखाली, माझं येणं चालू ठेवायला बुटाच्या टोकानं बॉल सरकवत होतात. दोघींपैकी कोण कुणाला सोबत करत होती, तो आकडाही आता लागत नाही.

दुसरी गोष्ट मला जरा उशिरा कळली, त्याच जागेवर उभी असताना. माझ्या गाडीला वळसा पडायचा म्हणून तुम्हाला ती साडेपाच मिनिटं मोकळी मिळायची. मी खांद्यावर बॅग घेऊन तुमच्या मागोमाग बांधावरून आले असते तर तुमचा पाय हललाच नसता. म्हणजे जिला तुम्ही आठ वर्षं नावं ठेवलीत, ती बाबागाडी तुम्हाला हवीच होती. मग दर रविवारी ‘एकदा बांधावरून ये’ हे काय होतं? खरं बोलावणं होतं, की तुम्ही चिडवलंत की मी गाडीचा दांडा आणखी घट्ट धरते, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून? हे विचारायचं राहिलं. तुम्ही उत्तर दिलं नसतंतच. “अक्षर छान आहे” असं काहीतरी म्हणाला असतात.

मी प्रकाशला म्हणाले, “पैज रद्द. कदाचित उलटीच झाली असेल. बॅग उतरव गाडीवरून, मी खांद्यावर घेते.”

“पाठ?”

“बांधापुरती.”

त्यानं उतरवली. मी पट्टा खांद्यावर घेतला आणि उभी राहिले. बॅग माझ्या पोटरीवर आपटली. तुम्ही माझ्याहून वीतभर उंच. एक पाऊल टाकलं, पुन्हा आपटली. बांधावर असं चालता येणार नव्हतं. पट्टा आखूड करावा म्हणून बक्कल बघितलं, तर त्याच्यावर तुम्ही हॉस्पिटलातली पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, सरकू नये म्हणून, चार-पाच वेढे, काठ मळून काळे झालेले. तुमच्या उंचीचं माप तिथे पक्कं करून ठेवलेलं.

“कापू का वयनी?” नामदेवनं कोयती पुढे केली.

मी थांबा म्हणाले.

मग प्रकाशनं बॅग घेतली. त्याच्या खांद्याला पट्टा बरोबर बसला. एका आईची मुलं, उंची सारखी. तो तुमच्यासारखाच थोडा डावीकडे झुकून बांधावरून परत निघाला, पावलापुढे पाऊल, दोन्ही अंगांना भरतीचं पाणी. पुढचे तीन होल आम्ही खेळलो नाही. मी रिकामी गाडी घेऊन रस्त्यानं वळले. रिकामी गाडी फार आवाज करते, हे मला माहीत नव्हतं. बांबूंपाशी वॉचमन भेटला. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाला. बाळ कुठाय, हे विचारायला तुम्हीच हव्या होतात.

घरी आल्यावर मी बॅगेचे सगळे कप्पे रिकामे केले. माझा एक अंदाज होता. ज्या बाईनं तीस वर्षं गॉझ मोजले ती हेही मोजल्याशिवाय राहिली नसणार. कुठेतरी चिठ्ठी असेल, रेघा असतील, पाचाच्या जुड्या. तेवढा आकडा मिळाला की रकाना दुरुस्त करता येईल, निकाल लावता येईल.

सापडलं ते असं: बॉल टेकवायच्या लाकडी टी बावीस. बॉल पाच, त्यातले दोन माझे, तुमच्याच पायानं सरकवलेले असतील. क्रेप बँडेजचा एक रोल. लिमलेटच्या गोळ्या, विरघळून एक झालेल्या. सेफ्टी पिना. एक नॅपकिन. वाहून गेली म्हणून मी यादीत लिहिलेली पेन्सिल, चिखलाचा डाग तसाच. बॅगेच्या तळाशी खाजणाची वाळलेली माती.

चिठ्ठी नाही. रेघा नाहीत. अस्तर उलटं करून बघितलं. ताई, तुम्ही मोजलं नव्हतंत.

मी वही उघडून बसले. वर्षाच्या बेरजेवर एक आडवी रेघ मारली. सहाव्या रकान्याच्या खाली नवा आकडा लिहायला जागा केली आणि ती कोरी ठेवली. कोण जिंकलं ते आता कळणार नाही. गाडी बरी की खांदा बरा, ते आपलं आपल्यातच राहिलं. एवढं मात्र मी ठरवलं आहे की पुढच्या रविवारी एकदा बांधावरून जायचं, तुमची बॅग घेऊन, भरतीच्या वेळी. डॉक्टरांना फोन करून विचारलं. बॅगेचं वजन सांगितलं, सात काठ्या. म्हणाले, एवढी चालेल, जपून. सातच आहेत म्हणून चालेल. चौदा असत्या तर नाही म्हणाले असते. हाही मुद्दा तुमचा.

आजच्या यादीत त्यासाठी एक काम होतं, ‘पट्टा माझ्या मापाचा करणे.’ जेवणाआधी करायचं होतं. जेवणानंतर करायचं होतं. कात्री टेबलावर काढून ठेवली आहे. आत्ता दिव्याखाली धरून बघितलं तर कात्रीची गरजच नाही. चिकटपट्टीचं शेवटचं टोक तुम्ही आत दुमडून ठेवलंय, पेशंटच्या बँडेजला ठेवायचात तसं, पुढच्या माणसाला सोडवताना नखं लावायला लागू नयेत म्हणून. टोक चिमटीत धरून ओढायचं, की सुटेल.

संध्याकाळचे सहा वाजलेत. बॅग दाराशी उभी आहे. टोक मी दोनदा चिमटीत धरलं. काम झालेलं नाही.